दाराबाहेर वाजलेला शोफार

"आतून उत्तर आलं नाही तर त्याच्या देवभक्तीवर जाऊ नकोस हं, पोरी. बेल दाब. शिव्या घालील, घालू दे. शिव्या घालणारा माणूस निदान जिवंत असतो."

फ्रीडा लुबिननं हे रेनाला ऑगस्टमध्ये जिन्यात सांगितलं, हातात कचऱ्याची पिशवी धरून. फ्रीडा म्हणजे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या मिस्टर मार्गोलिनची समोरची शेजारीण. जन्मानं ज्यू, पण शब्बाथच्या, म्हणजे काम, वीज, वाहन सगळं वर्ज्य असलेल्या शनिवारच्या दिवशीही बेधडक गाडी काढून बाजारात जाणारी. रेनानं "हो, हो" म्हटलं, पोटाशी बांधलेल्या तान्ह्या हॅदसचं टोपडं सारखं केलं आणि ती खाली उतरली. मनात म्हणाली, हिला काय कळतंय! ज्या माणसानं सणासुदीला उभ्या जन्मात विजेचं बटण दाबलं नाही, त्याच्या दारावर आपण विजेची बेल वाजवायची?

रेना तशी भित्री आई. हॅदस झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघणारी. द्राक्षाचेही चार तुकडे करणारी. सिनेगॉगमध्ये तिला अर्ध्या वेळेची नोकरी होती. गावातली एकटी राहणारी म्हातारी माणसं आणि कॉलेजातल्या ज्यू मुलांची फ्रॅटर्निटी, म्हणजे एका घरात राहणाऱ्या मुलांचं मंडळ, यांची गाठ घालून द्यायची, हे तिचं काम. शंभर वर्षांपूर्वी बाकीच्या फ्रॅटर्निट्या ज्यू पोरांना उंबऱ्याआत घेत नव्हत्या, म्हणून या मुलांनी स्वतःचं घर उभं केलं होतं. झेलिग मार्गोलिन तरुणपणी त्याच घरात राहिलेले. मुलं अजून त्यांना 'ब्रदर झेलिग' म्हणत, आणि ते मुलांना 'गाढवांनो' म्हणत. दोन्हींत माया होती.

ज्यूंच्या नव्या वर्षाचा सण तोंडावर आला तेव्हा रेनानं त्या घराच्या जेवणघरात मुलांना गोळा केलं. यंदा दोन दिवसांच्या सणाला लागूनच शब्बाथ आला होता. सलग तीन दिवस मार्गोलिन फोन उचलणार नव्हते. गुडघ्यांमुळे सिनेगॉगपर्यंत चालवत नव्हतं, तेव्हा सणाच्या दोन्ही दिवशी कुणीतरी घरी जाऊन त्यांना शोफार ऐकवायला हवा होता. नव्या वर्षाला मेंढ्याच्या शिंगाचा तो आवाज कानावर पडलाच पाहिजे.

"जोना जाईल," कुणीतरी ओरडलं. "त्याला एवीतेवी कुणी मैत्रीण नाही."

"तुझ्या तोंडापेक्षा मेंढ्याचं शिंग बरं, भावा," जोना म्हणाला.

जोना फेल्ड दुसऱ्या वर्षाचा. हडकुळा, गंभीर, सांगितलेलं काम तंतोतंत करणारा. तो वहीबिही न काढता नुसता रेनाकडे बघत ऐकत होता. "दारावर हातानं टकटक करायची, बेल नाही," रेना म्हणाली. "आणि दार उघडलं नाही तर घाबरायचं नाही. त्यांची उभी प्रार्थना चालू असेल. त्या प्रार्थनेत माणूस पाऊलसुद्धा हलवत नाही, हाक मारली तरी ओ देत नाही. सणाला ती लांबते. तुम्ही बाहेर उभं राहून शोफार वाजवा, खाऊची पिशवी मुठीला अडकवा आणि या. आतून ऐकलं तरी चालतं."

"वा! रब्बी रेना!" एकानं तिला धर्मगुरूची पदवी देत टाळी वाजवली. तिला ते आवडलं होतं. नंतर सगळ्यांत जास्त टोचलं ते हेच.

सणाच्या पहिल्या दिवशी जोना गेला. टकटक केली. दार उघडलं नाही. त्यानं बाहेर उभं राहून शोफार वाजवला, गोल खला-पाव आणि मधाची बाटली असलेली पिशवी मुठीला अडकवली आणि तो परत आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या संध्याकाळी तो सिनेगॉगच्या पायऱ्यांवर रेनाला गाठून म्हणाला, "रेना, कालची पिशवी तशीच लटकतेय. फ्रीडाबाईंकडेही कुलूप आहे. जरा विचित्र नाही वाटत?"

हॅदसला दात येत होते. ती रडत होती. तिला खांद्यावर थोपटत रेना म्हणाली, "अरे, जुन्या वळणाची माणसं आहेत. बाहेरची वस्तू सणाला आत घेत नसतील. त्यांना त्यांच्या पद्धतीनं राहू दे."

"मी बेल वाजवून बघू का?"

"जोना! सणाला?"

तो ओशाळला. "सॉरी," म्हणाला.

शनिवारी दुपारी फ्रीडा लेकीकडून परतली, तर समोरच्या दारावर दोन पिशव्या. तिच्याकडे किल्ली होती. मार्गोलिन स्वयंपाकघराच्या फरशीवर होते. खुब्याचं हाड मोडलेलं, ओठ फुटलेले, कपडे ओले. पहिल्या सकाळीच घसरले होते. दोन्ही वेळा त्यांना शोफार ऐकू आला होता. त्यांनी हाकाही मारल्या होत्या. पण घशाला कोरड पडलेली, आणि शिंगाचा आवाज मोठा.

माणूस वाचला, पण घरी परत जाण्यासारखा उरला नाही. त्यांना वृद्धाश्रमात ठेवलं.

जीव धोक्यात असला की शब्बाथ मोडायचा असतो, हे ज्यू पोर शाळेत जायच्या आधी शिकतं. रेना हॅदसला तेच शिकवणार होती.

आठवड्याभरात सिनेगॉगच्या समितीची बैठक झाली. अध्यक्ष हॉवर्ड ग्रीनबॉम टेबलावर बोटं वाजवत म्हणाले, "म्हणजे पोरानं दोनदा जाऊन दार उघडून बघितलं नाही? आपण काय, मुलांच्या भरवशावर म्हातारी माणसं सोडली होती?" कुणी म्हणालं, हल्लीची मुलं. कुणी म्हणालं, फोटो काढून नेटवर टाकण्यापुरती यांची सेवा. सगळ्यांनी रेनाकडे पाहिलं. ती हॅदसची लाळ पुसत होती. ती पुसून झाली तरी पुसत राहिली. तिचा आणि बाळाचा आरोग्यविमा या नोकरीतूनच मिळत होता. बेल नको म्हणून आपणच सांगितलं होतं, हे तिनं दाबून ठेवलं. फ्रॅटर्निटीबरोबरचं काम थांबवायचं ठरलं आणि कारण म्हणून जोनाचं नाव सांगितलं गेलं.

रेना वृद्धाश्रमात गेली तेव्हा मार्गोलिन खिडकीशी होते.

"शिंगवाला गाढव कुठंय?" त्यांनी विचारलं. "पहिल्या दिवशी मला वाटलं, माझीच मयत निघालीय, बँडसकट! पण वाजवतो छान. शेवटचा सूर फाटला, तेवढं शिकवायला हवं. पाठव त्याला."

रेनानं त्यांना सगळं सांगितलं. बेल, उभी प्रार्थना, लटकलेली पिशवी, समिती.

"मुली, उभी प्रार्थना मी गुडघे गेले तेव्हापासून बसून म्हणतो," ते म्हणाले. "तू एकदा तरी विचारायचंस. माझं जाऊ दे, मी म्हातारा. पण ते पोर स्वतःला खुनी समजत असेल, आणि तू त्याला तसं समजू दिलंस." मग त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

ती तशीच मुलांच्या घरी गेली. जेवणघरात दोघंतिघं सूप पीत बसले होते. जोना नव्हता. तो वर्ग सोडून क्लीव्हलंडला आईकडे निघून गेला होता.

"त्याला माहीत होतं की मीच तसं सांगितलं होतं," रेना म्हणाली. "तो समितीला का बोलला नाही?"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी एक जण म्हणाला, "आम्ही सांगणारच होतो. त्यानं बोलू दिलं नाही. म्हणाला, रेनाचं बाळ लहान आहे, तिची नोकरी जाईल."

रेना खुर्चीत बसली. हॅदस टेबलावरचा चमचा आपटत होती. तो हातातून काढून घ्यायचंही तिला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं समितीसमोर उभं राहून सगळं सांगितलं. हॉवर्ड म्हणाले, "अहो, हे आधी बोलायचं नाही का?" नोकरी राहिली नाही. समितीनं जोनाला माफीचं पत्र पाठवलं. त्याचं उत्तर आलं नाही. रेनानं फोन केला तर त्याची आई म्हणते, "झोपलाय." सकाळी केला तरी झोपलाय, संध्याकाळी केला तरी झोपलाय. एकदा रेना गाडी करून त्यांच्या दाराशी गेलीसुद्धा. आई दारातच उभी राहिली. "तुमचं तोंड आता त्याच्यासमोर नको," म्हणाली, आणि 'झोपलाय'सारखं ते खोटं नव्हतं.

म्हणून रेनाला तुम्हाला विचारायचंय. तुमच्यापैकी कुणी क्लीव्हलंडकडे राहत असेल, तर फेल्डांकडे एकदा जाऊन याल का? रेनाचं नाव घेऊ नका. मार्गोलिन शेवटच्या सुरासाठी थांबलेत, एवढंच सांगा. आई म्हणेल, झोपलाय. तेवढ्यावर परत फिरू नका. आत जा, तो जेवतो का बघा, त्याच्याशी दोन शब्द बोला. आणि तो कसा आहे ते, खरं ते, कळवा.