आधीच येऊन गेलेला उमेदवार

गावाची नगरपरिषद झाली आन् पाथर्डीच्या अंगाची माळावरची वस्ती वैजनाथच्या वॉर्डात आली. नगरपरिषदेच्या पहिल्याच इलेक्शनला त्या वस्तीनं त्याला पाडलं हुतं. या टायमाला पडलो तर पुन्हा उभं ऱ्हायचं तोंड न्हाई, हे त्याला पक्कं ठावं हुतं.

वस्तीवरची तरनी मानसं ऊसतोडीला गेलेली. घरी म्हाताऱ्या, म्हातारे आन् शेरडं. पन ही म्हातारी मानसंच मोबाईलवर पोरांना सांगायची, मतदानाला कुनाच्या जीपगाडीत बसून यायचं ते. म्हनून वैजनाथनं हळदीच्या भंडाऱ्याची पुडी खिशात घातली. म्हाताऱ्यांनी भंडारा हातात घेऊन शपथ घेतली की मत फिरत न्हाई, ही तिकडची रीत.

भर दुपारी तो छबूबाईच्या दारात गेला. संगं गाडीवाला अमृत. वस्तीवर कुत्रं सुदिक भुंकत नव्हतं. छबूबाई बाजरी पाखडत बसलेली. वैजनाथ पाया पडला.

"मावशे, आशीर्वाद दे. आन् एवढा भंडारा उचल."

"आरं, किती येळा? काल आल्तास की."

"काल मी नगरला हुतो, मावशे."

"नगरला हुता म्हनं! हितं बसून भाकर खाल्लीस, वर दोनदा ठेचा मागितलास. आमी भंडारा उचलाया गेलो तर म्हनलास, तुमी नगा, मी उचलतो."

"मी उचलला? कशापायी?"

म्हातारीनं सूप खाली ठिवलं. "पोरं तिकडं असताना आमच्यातलं कुनी गेलं, तर पोरगा म्हनून मडकं तू धरनार. हातातलं काम टाकून येनार. मागं सूर्यभान मेला तवा पोराची वाट बघत त्याचं मढं दिसभर पडून हुतं, ते आठवून तुझ्या डोळ्याला पानी आलं. लई बरं वाटलं बाबा आमाला."

फुडच्या घरी तेच. त्याच्या फुडच्या घरी पन तेच. रंगनाथबाबानं तर खाटंवरून हात धरला न् सोडंचना.

अमृत कानाशी लागला, "दादा, कुनीतरी तुमच्या नावानं फिरतंय. सांगून टाका, त्यो मी न्हवं."

वैजनाथनं रंगनाथबाबाच्या तोंडाकडं बघितलं. म्हातारा पोटच्या पोराकडं बघावं तसा बघत हुता. समदी वस्ती पदरात पडली हुती, फुकटात.

"व्हय बाबा, मीच हुतो," तो म्हनला. "ऊन लागलं, इसरलो."

गाडीत बसताना त्यानं तळहात बघितला. मनगटापातूर पिवळा. खिशातली पुडी मात्र फोडलेलीच नव्हती.

मतदानाला थोडं दिस ऱ्हायलं आन् छबूबाईचा फोन आला. "रंगनाथ गेला रं. पोरगं पार सांगलीकडं हाय. ये बाबा, वाट बघतोय."

चौकात मोठे पुढारी यायचे हुते, स्पीकर लागला हुता. "येतो मावशे, एवढी सभा उरकू दे," तो म्हनला आन् मोबाईल बंद करून टाकला.

सभा उरकली. अमृत कुठं दिसंना, तवा वैजनाथ एकलाच मोटरसायकलवर निघाला. ओढ्यापाशी मयत आडवी आली. तिरडीच्या फुडं मडकं धरून एक मानूस चालला हुता. पांढरा सदरा, डावा खांदा जरा पडलेला. वैजनाथचा पडलेला हाय तसाच.

"ए! थांब! कोन हायेस तू?"

मडकं धरनाऱ्यानं मागं बघायचं नसतंय. त्यानं बघितलं न्हाई.

मागच्या मानसांत अमृत हुता. वैजनाथनं त्याचं मनगट धरलं. "अमृत, फुडं कोन हाय रं?"

अमृतनं परक्याकडं बघावं तसं बघितलं. "आमचे वैजनाथदादा. सभा टाकून आले बघा. तुमी मयताचं पाव्हनं का?"

छबूबाईनं पन एक डाव बघितलं आन् पदरानं डोळं पुसत फुडं गेली.

मानसं पांगली तवर वैजनाथ ओढ्यात धोंड्यावर बसून ऱ्हायला. मग घराकडं आला. दारात त्याची बायकू पुष्पावती ऊन पान्याची बादली घेऊन उभी. त्याला बघून तिनं डोईवरचा पदर सावरला.

"पुष्पा..."

तिला नावानं हाक मारल्याचं आवडलं न्हाई. तरी इलेक्शनचं दिस, दारी आलेल्याला दुखवून कसं चालंल?

"बसा पाव्हनं. ह्ये आत्ताच मातीवरनं आल्यात, आंघूळ करत्यात. मताचं काम आसंल तर सांगा. कोंच्या वस्तीवरचं म्हनायचं तुमी?"

आत मोरीत पान्याचा आवाज थांबला.