शेहेचाळिसाव्या वर्षी पहिला धडा

मी एक गिटार आहे. माझा आवाज फार लांब जात नाही, म्हणून जरा जवळ बसून ऐका.

माझा जन्म कलकत्त्याचा. तिथल्या एका वयस्क कारागिराकडे कुण्या परदेशी साहेबाची गिटार दुरुस्तीला आली होती. तिची मापं घेऊन त्यानं मला घडवलं. पोटाचं लाकूड पातळ, मान रुंद, तारा आतड्याच्या आणि मऊ. एकट्या माणसानं शांत खोलीत बसून बोटांनी वाजवावी, अशी माझी जात. नागपूरच्या एका मिशन शाळेतल्या बाईंनी मला मागवून घेतलं. दोन वर्षांनी त्या मायदेशी गेल्या आणि मी सीताबर्डीवरच्या एका दुकानात येऊन पडले.

नागपूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. पहिल्याच मे महिन्यात माझ्या तारा एकेक करून तुटल्या. दुकानदार भला माणूस होता, पण माझी जात त्याला कुठून कळणार? त्यानं हाताशी असलेल्या पोलादी तारा चढवल्या. त्या दिवशी माझ्या पोटावर जो ताण बसला, तो पुढं चौदा वर्षं उतरला नाही.

एकसष्ट साली रुपराव गजभिये दुकानात आले. रेल्वेच्या टपाल खात्यात पत्रं गावागणिक निवडायची त्यांची नोकरी. सडपातळ बांधा, बोलणं कमी. मला मांडीवर घेऊन त्यांनी एक तार छेडली, कान माझ्या पोटाला लावला आणि आवाज पुरता विरेपर्यंत तसेच बसून राहिले. दुकानदारानं दुसऱ्या दोन चकचकीत गिटारी दाखवल्या, त्यांच्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

नागपुरातल्याच इंदोरा वस्तीत त्यांच्या घरी मी आले, आणि त्याच संध्याकाळी गणपतराव रामटेके मला बघायला आले. गणपतराव म्हणजे रुपरावांचे बाळमित्र. छप्पन सालच्या दीक्षेला दोघं पांढरे कपडे घालून एकत्र गेलेले. गणपतराव गिरणीत कामाला होते आणि सुट्टीच्या दिवशी गात असत. लाऊडस्पीकर बंद पडला तरी मैदानाच्या टोकाला ऐकू जावा, असा खडा आवाज. त्यांची गाणी म्हणायची पार्टी होती. पेटी, ढोलकी, बेंजो आणि आता मी.

रुपराव कुणाकडे शिकले नव्हते. सिनेमाची गाणी, कव्वालीचे ठेके, जयंतीची गाणी, लग्नातली गाणी, सगळं कानानं उचललेलं. उजव्या हाताच्या चिमटीत प्लॅस्टिकचा तिकोनी तुकडा धरून ते माझ्या तारांवर असे झपाझप हात मारत की समोरची माणसं बसल्या जागी डोलू लागत. विदर्भात अशी कमी गावं असतील जिथं आम्ही गेलो नाही. माझी तक्रार नव्हती. पोट दुखायचं, पण गणपतरावांचा आवाज वर चढला की माझं दुखणं मलाच ऐकू येत नसे.

त्र्याहत्तर सालच्या एप्रिलमध्ये उमरेडला कार्यक्रम होता. दुपारी तीनच्या सुमारास जीप गणपतरावांच्या दारातून निघाली. ड्रायव्हरशेजारची जागा नेहमी गणपतरावांची असे. धूळ घशात जाऊ नये म्हणून. त्या दिवशी तारांच्या ताणानं माझ्या पोटावरची, तारा अडकवायची पट्टी थोडी उचलली गेली होती. रुपराव काळजीत होते. गणपतरावांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "रुप्या, तू समोर बस गा. मागं धक्के लागून हिचा जीव जाईल."

रुपराव नको म्हणाले. गणपतरावांनी ऐकलं नाही.

उमरेड रोडवर एका वळणाला जीप उलटली. मागं बसलेल्या चौघांपैकी तिघं हातपाय मोडून वाचले. गणपतराव वाचले नाहीत. धंतोलीतल्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. रुपरावांच्या कपाळाला चार टाके पडले, माझी एक कड तडकली आणि पट्टी अर्धी उखडली. एवढंच.

त्यानंतर मी कपाटावर गेले, चादरीत गुंडाळलेली. रुपराव कामावर जात, येत, जेवत, आणि माझ्याकडे बघत नसत. पार्टीतली माणसं दोनदा येऊन गेली. रुपराव त्यांना चहा पाजत आणि हवापाण्याचं बोलत. असं दीड वर्ष गेलं. शेवटी त्यांच्या पत्नी यमुताईंनीच विषय काढला. त्या म्हणाल्या, की वाजवायची नसेल तर देऊन टाका कोणाला, पण घरात असं प्रेत ठेवल्यासारखं ठेवू नका.

मोहननगरात ब्रागांझा नावाचे एक निवृत्त रेल्वे गार्ड राहत. ते वाद्यं दुरुस्त करतात असं रुपरावांना कामावर कुणीतरी सांगितलं होतं. एका रविवारी सकाळी मला सायकलच्या कॅरियरला बांधून ते तिकडे निघाले. मला तिथं सोडून रिकाम्या सायकलनं परतायचं, हे त्यांच्या मनात होतं. माझ्याही ते लक्षात आलं होतं.

ब्रागांझा व्हरांड्यात बसून वाजवत होते. माझ्यासारखीच एक गिटार, डावा पाय छोट्या स्टुलावर, समोर कागद. हातात प्लॅस्टिकचा तुकडा नाही. अंगठा खाली एक चाल चालवत होता आणि वरची तीन बोटं तिच्याशी वेगळंच काही बोलत होती. रुपराव फाटकाशी सायकल धरून उभे राहिले. मी बांधलेली होते, तरी सगळं ऐकत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी माझी भाषा ऐकत होते.

वाजवणं संपल्यावर रुपरावांनी विचारलं, याच्यात गाणारा कुठं असतो?

"इसमें गानेवाला नहीं होता," ब्रागांझा म्हणाले. "एक ही आदमी सब करता है."

मग त्यांनी मला कॅरियरवरून सोडवलं, उलटीसुलटी करून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. पोटावर फुगवटा आला होता, तो त्यांनी बोटानं चाचपला. ही बोटांनी वाजवायची नाजूक गिटार, हिला पोलादी तारा लावून इतकी वर्षं कुणी छळलं, असं त्यांनी हिंदीत विचारलं. मला देऊन टाकायची गोष्ट रुपरावांनी काढलीच नाही. निघताना त्यांनी एवढंच विचारलं, की ही बरी झाली तर मला शिकवाल का?

पट्टी पुन्हा चिकटवायला, कड सांधायला तीन आठवडे लागले. ब्रागांझांनी मुंबईहून नायलॉनच्या तारा मागवल्या. त्या चढल्या तेव्हा मला वाटलं, कुणीतरी छातीवरचा दगड उचलला.

ताण उतरणं माझ्यासाठी सोपं होतं. रुपरावांसाठी नव्हतं. बारा वर्षं ज्या हातानं मैदानं डोलवली, त्या हाताला आता एकेक बोट वेगळं उचलायला शिकायचं होतं. पाच रेघांवरच्या काळ्या टिकल्या वाचायच्या होत्या. ते शेहेचाळीस वर्षांचे होते, आणि पहिल्या धड्यात त्यांना चार सूर होते. ते चार सूरही धड निघत नव्हते. उजवा हात सवयीनं झपकन सगळ्या तारांवर पडायचा आणि ब्रागांझा नुसती मान हलवायचे. वाढवलेली नखं टपालाच्या थैल्यांत अडकून तुटत. कामावरचे सोबती नखांवरून थट्टा करत. घरी पायाखाली स्टूल नव्हतं म्हणून रुपराव स्वयंपाकघरातले दोन पाट एकावर एक ठेवत. यमुताई म्हणत, पाहुणे आले की जमिनीवर बसतात आणि तुमचा पाय पाटावर.

एक दिवस मात्र त्यांनी सरळच विचारलं, "काहून करून राहिले हे? तुमाले येते ते वाजवा ना. लोक अजून विचारतात."

रुपरावांनी मला खाली ठेवलं नाही. माझ्या मानेवर हात तसाच ठेवून ते म्हणाले, "जुनं कोणतंही गाणं घेतलं का गणपतची जागा येते, वं. मी तिथपर्यंत वाजवतो, अन् तिथं कोणी गात नाही. ते मले सहन होत नाही. याच्यात गाणारा नसतेच. याच्यात कोणाची जागा रिकामी राहत नाही."

यमुताईंनी पुन्हा कधी विचारलं नाही. पाटही मागितले नाहीत.

सत्याहत्तरच्या एप्रिलमध्ये वस्तीनं गणपतरावांच्या आठवणीत कार्यक्रम ठेवला. पार्टीचे लोक रुपरावांकडे आले आणि यावेळी चहावर भागलं नाही. रुपराव म्हणाले, येतो, पण आता जे शिकून राहिलो तेच वाजवीन. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हो म्हटलं.

संध्याकाळी मैदान भरलं होतं. आधी गाणी झाली, ढोलकी कडाडली. मग रुपराव दोन पाट घेऊन स्टेजवर गेले. तीन मिनिटांचीच चीज होती. दोन वर्षं घासून तयार केलेली. माइक माझ्या तोंडाशी होता, पण मला तो काय पकडणार? खरखर ऐकू येत होती, मी नाही. पुढची माणसं जरा वेळ थांबली, मग बोलू लागली. मागून कुणीतरी जुन्या गाण्याचं नाव घेतलं, मग आणखी दोघांनी. अर्ध्यावर रुपरावांचं बोट चुकलं. ते थांबले. त्यांचा घाम माझ्या कडेवर पडला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि शेवटपर्यंत वाजवलं. संपलं हे लोकांना कळलंच नाही, म्हणून टाळ्याही पडल्या नाहीत.

घरी येऊन त्यांनी पाट स्वयंपाकघरात परत ठेवले. मला वाटलं, मी आता पुन्हा कपाटावर जाणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी शोभाताई आल्या. गणपतरावांच्या पत्नी. त्या चार वर्षांत या घराची पायरी चढल्या नव्हत्या, आणि रुपरावही त्यांच्या दारी गेले नव्हते. यमुताईंनी पाणी दिलं. शोभाताई म्हणाल्या, की त्या दिवशी पुढं बसूनही काही ऐकू आलं नाही, म्हणून आले. वाजवा.

रुपरावांनी पाट लावले. खोलीत तिघंच. यमुताईंनी स्टोव्ह बंद केला. त्या सकाळी बोट चुकलं नाही, आणि चुकलं असतं तरी काही बिघडलं नसतं. शेवटचा सूर विरला.

मग रुपराव खाली बघत म्हणाले, "वहिनी, जीपमधली ती जागा त्याची होती."

"मले मालूम आहे," शोभाताई म्हणाल्या. "मी दारातच उभी होती. तुमी नाही म्हणून राहिले होते, त्यायनंच तुमाले हाताले धरून बसवलं. म्या पायलं ना भाऊजी, माह्या डोयानं."

रुपरावांचा हात माझ्या तारांवर पडून होता. मी आतून बारीक वाजत होते.

जाताना शोभाताई दारात थांबल्या. "इतकी वर्सं तुमी त्यायच्या मागं वाजवत होते, अन् मी फक्त त्यायलेच आयकलं," त्या म्हणाल्या. "तुमाले आज आयकलं."

आता अठ्ठ्याऐंशी साल चालू आहे. रुपराव निवृत्त झाले, नागपूरबाहेर बेस्याला दोन खोल्या बांधून राहतात. भोवती अजून शेतंच आहेत. ब्रागांझा गेले, त्यांचे कागद आमच्याकडे आहेत. रुपरावांना एकूण अकरा चिजा येतात. बाराव्या चिजेसाठी हात आता तयार होत नाही. डाव्या हाताची करंगळी थंडीत आखडते, म्हणून काही जागा ते सावकाश घेतात. माझ्या कडेवरची सांध हिवाळ्यात बारीक उघडते आणि उन्हाळ्यात मिटते. शोभाताई महिन्या-दोन महिन्यांनी एस.टी.नं येतात, ऐकतात, यमुताईंबरोबर भाजी निवडतात आणि जातात.

तुम्ही कधी सकाळी बेस्याकडे आलात, तर आमचं घर सापडायला अवघड नाही. फक्त एक विनंती आहे. आतून काही ऐकू येत असेल तर दार वाजवू नका. बाहेर ओट्यावर बसा. चीज संपली की रुपराव मला भिंतीशी उभी करतात आणि दार उघडायला स्वतः येतात.