खुर्चीतलं गाऱ्हाणं

शिवाला वेडा म्हटलेलं मला खपत नाही. माझा धाकटा भाऊ, वय अठ्ठावीस. समज पाच वर्षांच्या पोराची, एवढंच. सत्याऐंशी साली मिरजोळ्याला पायऱ्यांवरून पडला आणि त्याचे पुढचे दोन दात गेले. काढता-घालता येणारे बसवले, तर जेवताना ते घशात अडकले, माझ्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हापासून तो तोंडावर हात धरून बसतो. पोरं हसतात म्हणून देवळातही येईना.

मुंबईचे एक डॉक्टर महिन्यातून एकदा रत्नागिरीत येत आणि हाडात स्क्रू बसवून पक्का दात लावत. मी शिवाला त्यांच्याकडे घेऊन गेले. ते माझ्याकडेच बघत म्हणाले की तासभर न हलता बसावं लागतं, हा काही बसणार नाही, आणि असल्या पेशंटला पक्के दात देऊन उपयोग काय. माझं डोकंच फिरलं. मी शाळेत चाळीस पोरं गप्प बसवते!

"पुढच्या महिन्यात येते," मी म्हटलं. "हलला तर मीच उठवून नेईन."

महिनाभर गोड बोलले, रागावले, बिस्किटं दिली. दोन मिनिटांत उठायचा. मग आठवलं, दात पडायच्या आधी देवळात गाऱ्हाणं, म्हणजे देवाला मोठ्याने घातलेलं साकडं, चालू असताना हा हात जोडून उभा राहायचा, ते संपेपर्यंत माशीसुद्धा उडवायचा नाही. बायका गाऱ्हाणं घालत नाहीत, मला माहीत आहे. गावकऱ्यांनी खुशाल नावं ठेवावीत. मी रोज घरात शिवाला समोर बसवून घालायला लागले.

ठरल्या दिवशी शिवा खुर्चीत बसला. इंजेक्शन बघून त्याचे पाय हलले. मी खणखणीत सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, हा शिवा आज तुझ्या पायाशी बसलाय, त्याचं काम निर्विघ्न पार पाड रं म्हाराजा!" त्याने हात जोडले आणि आ केला. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला ऐकणाऱ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं, ते उघड्या तोंडाने म्हणता येईना, म्हणून नुसता हुंकार द्यायचा. गावचे देव संपले, शेजारच्या गावांचेही संपले, मग मी वर्गातल्या पोरांची नावं घेऊन त्यांना सुखी ठेव म्हटलं. तोवर नर्सबाईही 'व्हय म्हाराजा' म्हणायला लागल्या होत्या. पन्नास मिनिटांत काम झालं.

डॉक्टरांनी हातमोजे काढून मला विचारलं, दुखतंय का त्याला. मी शिवाकडे बोट दाखवलं. ते त्याच्याकडे वाकले.

"शिवा, दुखतंय का रे?"

शिवाने सुजल्या ओठांनी उत्तर दिलं, "दुखतंय. पण मी हललो नाय."