हिरव्या पट्ट्यातले व्हॉल्व्ह

पाल मरून बरेच महिने झाले असावेत. व्हॉल्व्ह टेस्टरच्या ट्रान्सफॉर्मरला ती चिकटून वाळली होती. भोवती कंडेन्सरमधून वितळून आलेलं मेण, त्यात रुतलेली झुरळांची अंडी, आणि पत्र्यावर कुणीतरी मारलेली गुटख्याची पिचकारी. प्रतिभाने चिमट्याने पाल ओढली. शेपूट तिथेच राहिलं. तिने स्पिरिटचा बोळा उचलला.

कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढल्यावर ती आता इंदिरानगरच्या घरीच जुन्या रेडिओत असतात तशा काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारी उपकरणं दुरुस्त करायची. हे टेस्टर कुंदनचं. तो भंगारातून व्हॉल्व्ह जमवून पुण्या-मुंबईच्या हौशी लोकांना विकायचा. "काटा हलतच नाही मॅडम," म्हणत तो टेस्टर आणि वीस व्हॉल्व्हचं खोकं ठेवून गेला होता. काटा हिरव्या पट्ट्यात आला की व्हॉल्व्ह चांगला, लाल पट्ट्यात राहिला की निकामी, इतकं साधं ते यंत्र.

तिसऱ्या दिवशी काटा हलला. खात्री करायला तिने स्वतःकडचा, नेमका किती दाखवणार हे ठाऊक असलेला व्हॉल्व्ह लावला. काटा हिरवा पट्टा ओलांडून थेट टोकाला आपटला. मीटरशेजारी पाहिल्यावर उलगडा झाला. मूळचा रोध, म्हणजे रेझिस्टर, काढून तिथे कुणीतरी भलताच रोध डकवला होता. अर्धमेला व्हॉल्व्हही हिरव्यात यावा, एवढ्याचसाठी.

तिने योग्य रोध बसवला आणि खोक्यातले वीसही व्हॉल्व्ह तपासले. तीन चांगले निघाले. खोक्याच्या तळाशी स्टिकरचा एक कागद होता, चाळीसातले वीस वापरलेले. प्रत्येक स्टिकरवर छापलं होतं: 'तपासून उत्तम. प्रतिभा मॅडम, निवृत्त प्रयोगशाळा सहायक, नाशिक.'

तिने तो कागद टेस्टरशेजारी ठेवला.

संध्याकाळी कुंदन हसत आत आला. "झालं का आपलं बाळ बरं?"

"झालं. आता ते खरं बोलतं."

तिने चांगले तीन बाजूला ठेवून उरलेले सतरा व्हॉल्व्ह एकेक लावून दाखवले. काटा लालमध्येच लोळत राहिला. कुंदनचं हसू मावळलं. "पूर्वी तर सगळे हिरव्यात यायचे! मॅडम, तो आधीचा रोध परत टाका ना. गिऱ्हाईक काही मोजून बघत नाही. काचेच्या आत नुसता नारंगी उजेड दिसला की खूश."

"आणि हे?" तिने स्टिकरचा कागद पुढे सरकवला.

"अहो, मान दिला तुम्हाला! तुमच्या नावावर लोक डोळे मिटून घेतात. राग कसला त्यात?"

तो बोलत होता आणि तिला त्याच्या दातांच्या फटीत अडकलेली सुपारी दिसत होती. तिने नजर काढून घेतली.

"ज्यांना माझं नाव चिकटवून दिलंस, त्यांचे फोन नंबर दे. वीस स्टिकर गेलेत, वीस नंबर."

"वीस?" कुंदन खरोखरच गोंधळला. मग हिशेब चुकलेल्या मुलीला समजवावं तसं मायेने म्हणाला, "मॅडम, हा तिसरा कागद आहे."

प्रतिभाने टेस्टरवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने वही पुढ्यात ओढली.

"मग शंभर नंबर. ते मिळाल्याशिवाय हे यंत्र इथून हलणार नाही. सांग पहिला."