मेहिटेबलचा मुलगा

“बानू, त्याच्या आईचं नाव शोध. मिळालं की कुणाच्या हाती धाडू नको. स्वतः जा, कब्रस्तानाच्या गडग्याशी उभी राहा आणि तुझ्या तोंडाने सांग.”

नानी जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण शहरबानू पहाटेच्या फजर नमाजानंतर कुराणातली यासीन वाचायला बसली की हा आवाज हटकून कानाशी यायचा. घराण्यातल्या मयतांची नावं घेऊन रोज फातिहा पढायचा तिचा नेम होता, आणि नानीच्या पणजोबाशी पोचली की ती अडखळायची. तो अमेरिकन. तिकडून बर्फ घेऊन मुंबईला निघालेलं ‘जुनो’ नावाचं जहाज रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळ फुटलं. त्यावरचा एलायशा नावाचा सुतार वाहत गावाला लागला, कलमा पढून अब्दुल्ला झाला आणि लग्न करून तिथलाच होऊन गेला. जहाजाच्या नावाची फळी नानीच्या माहेरच्या दारावर अजून ठोकलेली आहे.

अडचण आली ती तो गेल्यावर. दफन झालं की मौलवी कबरीपाशी बसून मयताला आईच्या नावाने हाक मारतात, अमकीच्या मुला, आणि पुढे फरिश्त्यांना द्यायच्या जबाबांची त्याला आठवण करून देतात; हीच तलकीन. याची आई कोण हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग रिवाजाप्रमाणे साऱ्या माणसांच्या पहिल्या आईचं नाव घेऊन म्हटलं, हव्वाच्या मुला.

“हव्वाची तर सगळीच,” नानी म्हणायची. “त्या बिचाऱ्याला वाटलं असेल, हाक दुसऱ्याच कुणाला चाललीये.”

आणि परवा गावाहून भावाचा, वलीचा, फोन आला. “आपा, दर्या कब्रस्तानाच्या गडग्याला टेकलाय. जमातीने ठरवलंय, पुढच्या रांगेतल्या कबरी येत्या जुम्याला वर हलवायच्या. तलकीन नव्याने पढणार. नाव मिळालं तर आत्ताच. नाहीतर परत हव्वा.”

तेव्हापासून तिचं कशात चित्त लागेना. चहा उकळून आटायचा. शारजाच्या अल नहदातल्या फ्लॅटमध्ये ती खिडकीपासून दारापर्यंत जायची आणि कशाला आलो ते विसरून परत फिरायची.

“बस ना जरा,” नवरा बदरुद्दीन म्हणाला. “कार्पेट झिजवशील.”

“त्याला आईचं नाव नाही हो.”

“खरंय. इथे साध्या व्हिसाला आईचं नाव विचारतात, तिथे तर विचारणारच.”

मुलगी कशफ लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, “अम्मी, आय ट्राइड एव्हरीथिंग. शिरगणती, लग्नं, सगळं. तो जहाजावर चढतो अँड देन ही जस्ट डिसअपिअर्स. त्या नावाचे इतके लोक आहेत, आणि इंडियात मेलेला एकही नाही.”

बुधवारी फजरनंतर शहरबानू पढत होती. त्यांच्या गावात दर्याने ठेवून घेतलेल्यांची नावं शेवटी, वेगळी घेतात. त्यांना कबर नसते म्हणून. ती त्या नावांपाशी आली आणि मध्येच थांबली. नेम तोडून उठायची तिला सवय नव्हती. तिने फातिहा पुरी केली, नमाजाच्या मुसल्ल्याची घडी केली आणि मगच कशफला हलवलं.

“बेटा, तो आपल्याकडे जगला. तिकडे कुणाला काय ठाऊक? त्यांच्याकडे तो बुडालेला असेल. बुडालेल्यांत बघ.”

कशफ डोळे चोळत उठली. नाश्त्याच्या आत फोटो सापडला. मॅसाचुसेट्समधल्या एका बंदराच्या गावातला, स्मारकाच्या काळ्या दगडाचा. त्याच्याखाली कुणीही पुरलेलं नव्हतं. त्यावर कोरलं होतं: एलायशा, ‘जुनो’वरचा सुतार, हिंदुस्थानच्या किनाऱ्याजवळ बुडाला. दगड त्याच्या आईने, मेहिटेबलने, उभारला.

“मेहिटेबल,” बदरुद्दीनने हळूच म्हणून पाहिलं. “मौलवीसाहेबांच्या जिभेला गाठ पडेल.”

कशफ हसली. शहरबानूला वाटलं होतं, नाव मिळालं की जीव थाऱ्यावर येईल. आला नाही. मुलगा इकडे म्हातारा झाला, नातवंडं खेळवली, आणि ती बाई रिकाम्या दगडापाशी जाऊन बसत असेल. त्याने कळवलं का नसेल? ती तर दुसऱ्या धर्माची; तिच्यासाठी आपण काय पढावं, पढावं की नाही, हेही तिला समजेना. ते अल्लाहवर सोडून ती बॅग काढायला उठली.

“वलीला मेसेज टाक ना,” कशफ म्हणाली. “टू सेकंड्स.”

“मयत मेसेज वाचत नाही.”

“ते तुझ्याकडून पण ऐकणार नाही, अम्मी.”

“ऐकतं की नाही, ते मला कुठे ठाऊक? नानीला शब्द दिलाय.”

गुरुवारचा तिचा रोजा होता, तो तिने चुकवला नाही. दुपारी शारजाहून मुंबईचं विमान, तिथून रत्नागिरीची बस; जुम्याच्या आत ती गावात पोचणार होती. रोजा सोडायला थोडे खजूर तिने रुमालात बांधले. बदरुद्दीन गाडीची किल्ली हातात घेऊन दारात उभा राहिला. या वेळी त्याने थट्टा केली नाही.

“यल्ला, चल,” तो एवढंच म्हणाला.

लिफ्टमध्ये त्याला तिचे ओठ हलताना दिसले. त्याला वाटलं, प्रवासाची दुआ चालली असेल. ती तेच एक नाव पुन्हापुन्हा म्हणत होती, गडग्यापाशी अडखळायला नको म्हणून.