तिसरा खटका

ज्या आगाऊपणासाठी नेड्राच्या बापाने तिच्या नवऱ्याची, डेल्बर्टची, लग्नाआधी चारचौघांत बिनपाण्याने केली होती, तोच आगाऊपणा नेड्राने म्हातारपणी, गोठ्यामागे उभं राहून, मुद्दाम केला. हातात रिव्हॉल्वर बापाचंच. आत गोळी नाही हे तिने दोनदा बघून घेतलं. मग चाप दाबून धरला आणि डाव्या तळव्याने रिव्हॉल्वरच्या पाठीवरच्या घोड्यावर सपासप थापा मारायला लागली. सिनेमातले बंदूकबाज असंच करतात, आणि सिनेमा बघून आलेली पोरंही. असल्या धसमुसळेपणाने खऱ्या रिव्हॉल्वरच्या पोटातल्या नाजूक स्प्रिंगा तुटतात, हे वायोमिंगच्या त्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ठाऊक असून करतातच मेले.

डेल्बर्टनेही केलं होतं. चार जुलैची, स्वातंत्र्यदिनाची सहल, शेजारच्या रँचवर गडी म्हणून राहिलेला हा काटकुळा पोरगा, आणि समोर कलिंगड कापत बसलेली नेड्रा. तिच्या बापाकडून, म्हाताऱ्या आमोसकडून, रिव्हॉल्वर बघायला म्हणून मागून घेतलं आणि तिच्यावर छाप पाडायला फटाफट थापा मारल्या. आत काहीतरी कट्‌कन तुटलं. आमोस शांतपणे म्हणाला होता, “मोडलंस तू, नीट करशील तूच. तोवर माझ्या पोरीकडे बघायचं नाही.” मग जे धुतलं त्याला, ते सगळ्या खोऱ्याने ऐकलं. पोरगा मात्र हट्टी. हिवाळाभर तालुक्याच्या बंदूक-कारागिराकडे झाडू मारत काम शिकला आणि वसंतात रिव्हॉल्वर नीट करून दारात हजर झाला. धंदा आणि बायको दोन्ही त्याला त्या एका मोडतोडीतून मिळाली.

आणि आता? गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी त्याला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरले, जीभ सावरली, उजव्या हाताची थरथर तेवढी राहिली. त्याने बंदूकदुरुस्तीच्या दुकानाला कुलूप घातलं. कॅस्पर शहरातल्या एका व्यापाऱ्याशी अवजारं विकायचा सौदा केला. शुक्रवारी तो माणूस ट्रक घेऊन येणार आणि बाक, लोखंड पकडून धरायचा शेगडा, कानशी, सगळं घेऊन जाणार. डेल्बर्ट स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून असायचा. द्याल ते खायचा, म्हणाल त्याला हो म्हणायचा. जन्मभर कॉफीवरून भांडलेला माणूस परवा पाणचट कॉफी निमूट प्यायला, तेव्हा नेड्राने काय ते ओळखलं. हात गेला तर गेला, पण शुक्रवारी त्या ट्रकमधून तिचा नवराच जाणार होता. नंतर खिडकीशी उरेल ते नुसतं खुर्चीवरचं जाकीट.

म्हणून ती थापा मारत राहिली. तळवा सोलवटला. बापाच्या वस्तूचे हे हाल करताना तिला रडू येत होतं, आणि वस्तू काही मोडत नव्हती. डेल्बर्टचं काम पक्कं, त्याला ती तरी काय करणार. शेवटी एकदाचं आत कट्‌कन झालं. तिने घोडा हळूच मागे ओढून ऐकलं. असलं रिव्हॉल्वर घोडा ओढताना चार खटके बोलतं. तिसरा बोलला नाही.

न्याहारीला तिने रिव्हॉल्वर त्याच्या ताटाशी ठेवलं, बिस्किटं आणि चोकचेरी या रानफळाच्या मुरंब्याच्या मधोमध. म्हणाली, तिसरा खटका गेलाय, अवजारं जायच्या आत बघ. तो म्हणाला, कॅस्परवाला बघेल. यावर नेड्रा जी तापली! बाबांच्या वस्तूला परका माणूस हात लावणार असेल तर त्यापेक्षा मी ती नदीत फेकीन, म्हणाली. डेल्बर्टने सवयीने घोडा ओढला, कान दिला, आणि कपाळाला आठी घातली. मग उठून दुकानाची किल्ली शोधायला लागला. किल्ली नेड्राच्या एप्रनच्या खिशात तयारच होती.

पहिल्याच स्क्रूला पेचकस घसरला. दुसऱ्यांदा घसरला तेव्हा त्याने तो भिंतीवर भिरकावला आणि तोंड फिरवून उभा राहिला. नेड्राने पेचकस उचलला, बाकाशी स्टूल ओढलं आणि म्हणाली, “तू सांग. मी करते.”

त्याने सांगितलं, तिने केलं. गोळ्या भरायचं चक्र काढलं, मूठ उतरवली, चाप सोडवला. पोटातून निघाली ती दोन पायांची चपटी स्प्रिंग. एक पाय मुळाशी तुटलेला. तोच पाय एका खिट्टीला वर रेटतो, खिट्टी चक्राच्या खाचेत बसते, आणि तोच तिसरा खटका. डेल्बर्टने भिंग घेतलं. थरथरता हात दुसऱ्या हाताने दाबून धरत त्याने आधी स्प्रिंग पाहिली, मग चक्राच्या खाचा. खाचांच्या कडा ताज्या ठेचलेल्या, चकचकीत होत्या. म्हातारपणाने तुटलेल्या स्प्रिंगची अशी खूण राहत नाही, हे नेड्रालाही इतक्या वर्षांच्या संसारात कळलं होतं. तिने घाईघाईने डावा हात मांडीखाली घेतला. डेल्बर्टने भिंग खाली ठेवलं. एवढंच म्हणाला, खणात कच्ची स्प्रिंग आहे, घे कानस.

मग सुरू झाला त्याचा जाच. आडवी घासू नकोस, लांबीने घास. जोर किती लावतेस, लाकूड आहे का ते? कडा मोडून घे, तीक्ष्ण राहिली तर तिथूनच तुटेल. बघ, बघ, केलीस ना पातळ! दुसरी घे. महिनोन्‌महिने न चढलेला आवाज दुकानभर घुमत होता, आणि बोलणी खाताना नेड्राला इतका आनंद झाला, की तिला डोळे पुसायला बाहेर जावं लागलं. परत आली तर स्वारी बाकावर वाकड्यातिकड्या रांगेत पडलेले स्क्रू डाव्या हाताने नीट लावत होती.

दुपार कलली तेव्हा स्प्रिंग बसली. सगळं परत जोडून तिने रिव्हॉल्वर त्याच्या कानाशी धरलं आणि घोडा ओढला. एक. दोन. तीन. चार. तिसरा अगदी खणखणीत होता.

डेल्बर्टने रिव्हॉल्वर खाली ठेवायला लावलं. मग तिने पुन्हा मांडीखाली लपवलेला डावा हात ओढून काढला आणि तळवा उलटा केला. काळानिळा, सोललेला. नेड्राने ओठ घट्ट मिटले. आता हा चिडला तर सगळंच मुसळ केरात.

त्याने फळीवरची मलमाची डबी घेतली. थरथरत्या बोटांनी मलम लावायला लागला तर ते तिच्या मनगटापर्यंत सगळीकडे माखलं. तिने हात हलवला नाही.

“त्या कॅस्परवाल्याला फोन कर,” तो म्हणाला. “म्हणावं, येऊ नकोस. माझ्याकडे नवीन माणूस कामाला लागलंय. हाताने अगदीच गाढव आहे, शिकवायला वेळ लागेल.”

“आणि पगार?” नेड्राने विचारलं.

“मोडलंस तू, नीट केलंस तू,” डेल्बर्ट म्हणाला. तिचा हात त्याने सोडला नव्हता. “आता माझ्याकडे बघायला हरकत नाही.”

तिने बघितलं.