सुयांवर राहिलेला स्वेटर

मित्रांनो, मी एक जुना स्वेटर आहे. आहे म्हणतो खरा, पण पोटापासून खाली मी उरलेलो नाही. गळा, छाती आणि दोन बाह्या एवढाच माझा देह एका वेताच्या टोपलीत पडून आहे. बाकीचा मी शेजारीच दोन सुयांवर लटकतो आहे. माझी ही दशा कसरीने केली नाही की उंदराने केली नाही. घरच्या माणसांनीच केली.

मला आत्याने विणले. आत्या म्हणजे या घरातल्या मुलीची आत्या. तेव्हा तिचे लग्न व्हायचे होते आणि तिच्या धाकट्या भावाला वायरमनची नोकरी नुकतीच लागली होती. गारठ्यात खांबावर चढायचे काम. भावाच्या छातीत वारा शिरू नये, एवढाच तिचा ध्यास होता. एका रंगाची लोकर पुरेना, म्हणून तिने राखी आणि निळा असे दोन धागे एकत्र धरले. त्यामुळे मी चांगला जाडजूड झालो आणि माझा रंगही धुक्यातल्या तळ्यासारखा दिसू लागला. तिची विणायची रीत उलटी होती. इतर बायका खालून सुरू करून गळ्याशी संपवत. आत्या गळ्यापासून खाली येई. "पोरगं अजून वाढतंय," ती म्हणायची, "आखूड झाला तर शेवटची गाठ सोडून खाली चार ओळी वाढवता येतील."

पुढची कितीतरी वर्षे मी खांबांवर काढली. वर गेले की वारा सुयांसारखा टोचे, पण माझ्या आत तो शिरला नाही. खाली उभे असलेले सोबती ओरडत, "काय राव, अंगात शेगडी घालून फिरतोस की काय?" तो वरून सांगे, "ताईची शेगडी आहे, विझायची नाही!" तारांना घासून माझी कोपरे विरली. त्यांवर ठिगळे बसली. तीही मी पदकांसारखी मिरवली.

मग ऑफिसातून चेनवाले जाकीट मिळाले. ते हलके होते, खिसेवाले होते आणि त्यावर कंपनीचे चिन्ह होते. मी कपाटाच्या तळाशी गेलो. तिथे जुन्या चादरींच्या संगतीत बसून मनाची समजूत घालू लागलो, की आपले दिवस संपले.

मला पुन्हा वर काढले ते भिंगरीने. ती त्या वायरमनची मुलगी. एका जागी ठरत नसे म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणत. थंडीमुळे शाळेला सुट्टी मिळाली की ती मला फ्रॉकवर चढवी, लोंबणाऱ्या बाह्या दुमडून घेई आणि खिडकीजवळच्या पलंगावर ठाण मांडून बसे. शिकवायला कोणी लागत नसे. कागदाची झाकणवाली डबी कशी होते, टॉर्चच्या पोटात काय असते, डाव्या हाताने नाव कसे लिहायचे, हे सगळे ती माझ्या उबेत बसून शिकली. काचेवर वाफ धरली की माझ्याच बाहीने पुसायची. "आमची भिंगरी स्वतःच विद्यार्थी आणि स्वतःच मास्तर," तिचे वडील कौतुकाने म्हणत. मलाही वाटे, या विद्येत आपला थोडा वाटा आहे.

अशाच एका कडाक्याच्या दिवशी तिने आईच्या विणायच्या सुया शोधून काढल्या. सुतळीवर टाके घालायला शिकली. सुतळी हाताला टोचू लागली.

"आई, लोकर आहे का गं?"

"या गारठ्यात दुकानं बंद. लोकर काय आभाळातून पडणार आहे?"

"मग शिकू कशी?"

"शेवया घे आणि विण!" आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

भिंगरी हसली. मग तिची नजर स्वतःच्याच बाहीवर गेली. "बाबा, हा उसवू?"

वडील पेपर वाचत होते. मी वाट पाहत होतो. आता ते चमकून वर बघतील, 'खबरदार' म्हणतील. त्यांनी पानसुद्धा उलटायचे थांबवले नाही. "कोणता, तो जुनाट? उसव की. कपाटात नुसता जागा अडवून बसलाय."

तिने मला अंगातून काढले. मित्रांनो, माझ्यात अजून तिच्याच अंगाची ऊब होती. आत्याची ती शेवटची गाठ तिने कात्रीने कापली आणि धागा ओढला. भावाच्या वाढीसाठी ठेवलेली वाट होती ती. त्याच वाटेने मी ओळीमागून ओळ सरसर उसवत गेलो.

संध्याकाळपर्यंत माझी एक वेडीवाकडी पट्टी तयार झाली. "बाबांना मफलर!" भिंगरीने जाहीर केले. मी राग गिळला. म्हटले, चला, पुन्हा त्यांच्याच गळ्यात पडायचे आहे ना, मग झाले.

तो मफलर पुरा व्हायच्या आतच आत्या आली. आता तिची बोटे आखडली आहेत, विणणे कधीच सुटले आहे. आईने घाईघाईने माझ्या टोपलीवर टॉवेल टाकला. आत्या बरोबर त्या टोपलीशेजारीच बसली.

"काय रे, एवढ्या थंडीत ते कागदासारखं जाकीट? माझा स्वेटर कुठाय?"

"धुवायला टाकलाय, ताई. या दिवसांत वाळतंय कुठं!"

टॉवेलखाली मी अगदी कोरडा होतो.

"आणि ही काय विणतेय? बघू." आत्याने पट्टी हातात घेतली. अंगठ्याच्या नखाने धागा उलगडला. एक राखी, एक निळा. "लोकर कुठली गं?"

भिंगरीने वडिलांकडे पाहिले. ते चहा फुंकत होते.

"बाबांनी आणली. नवीन आहे," ती म्हणाली.

वडिलांचे खोटे मी सोसले असते. पण ही मुलगी माझ्या उबेत वाढली होती.

"नवीन होय?" आत्या म्हणाली. "हुशार दुकानदार दिसतोय. दोन धागे जोडून विकतो."

"काय ताई, तू पण!" वडील जरा जास्तच मोठ्याने हसले. आत्याही हसली. मग तिने पट्टी परत दिली. "इथं एक टाका सुटलाय बघ. तिथपर्यंत उसव आणि पुन्हा विण. वरून झाकलास तर तो खाली घरंगळतच जातो."

जाताना तिने माझी चौकशी केली नाही. नेहमी भाचीच्या पाठीवर ठेवायचा हातही त्या दिवशी शालीतच राहिला.

त्यानंतर भिंगरीने सुयांना हात लावला नाही. थंडीची सुट्टी आली की ती आता पांघरुणात नुसती पडून राहते. परवा झाडताना टोपली पायाला लागली, तेव्हा तिने ती पलंगाखाली आणखी आत ढकलली.

मित्रांनो, शिकण्यासाठी जुने उसवावे लागले तर खुशाल उसवा. लोकरीला त्यात अपमान वाटत नाही. पण ज्याने ती वस्तू घडवली, त्याच्याकडे बघून तसे सांगा. आत्या रागावली असती, दोन शब्द बोलली असती आणि मग भिंगरीला जवळ बसवून तिनेच पुढची ओळ दाखवली असती. विणणारीसमोर मला नाकारले, आणि तिथेच शिकणेही थांबले.

भिंगरे, माझ्यात अजून पुष्कळ लोकर आहे. पण सुया नंतर घे. आधी आत्याकडे जाऊन ये.